‘लाय’ आणि ‘ले’ : पडून असणे आणि ठेवणे यांतला फरक कसा ओळखावा

इंग्रजीतील ‘लाय’ आणि ‘ले’ ही दोन क्रियापदे दिसायला सारखी आहेत, अर्थाने एकमेकांच्या शेजारची आहेत, आणि त्यांतल्या एकाचे भूतकाळी रूप दुसऱ्याच्या मूळ रूपाशी अक्षरशः जुळते. त्यामुळे एरवी सफाईने इंग्रजी लिहिणारी माणसेही येथे अडखळतात आणि स्पर्धा परीक्षांतील ‘वाक्यातील चूक शोधा’ या प्रश्नप्रकारात ही जोडी पुनःपुन्हा भेटते. शाळेत बहुधा दोन्ही क्रियापदांच्या तीन-तीन रूपांचा तक्ता पाठ करून घेतला जातो. परंतु तक्ता तोंडपाठ असूनही ऐन वाक्यात कोणता शब्द घ्यावा हे सुचत नाही, कारण आधी निवडावा लागतो तो अर्थ आणि रूपाची पाळी त्यानंतर येते. अर्थाची ही निवड करण्यासाठी लागणारी व्याकरणाची जाण मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाजवळ लहानपणापासून असते. ती येथे कशी वापरावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

प्रथम अर्थ पाहू. ‘लाय’, म्हणजे एल-आय-ई, या क्रियापदाचा अर्थ आडवे होणे, पडून असणे किंवा एखाद्या ठिकाणी वसलेले असणे. ‘ले’, म्हणजे एल-ए-वाय, याचा अर्थ एखादी वस्तू ठेवणे, अंथरणे, पसरणे, रचणे किंवा बसवणे. पहिले क्रियापद अकर्मक आहे. त्यातली क्रिया कर्त्यापाशीच संपते. दुसरे सकर्मक आहे. त्यातली क्रिया कर्त्याकडून निघून दुसऱ्या कशावर तरी जाऊन पोचते. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिताना पहिला प्रश्न ‘काय?’ हा विचारावा. काय ठेवले, काय अंथरले, काय रचले, याला वाक्यातच उत्तर सापडत असेल तर ‘ले’ घ्यावे. ‘काय?’ हा प्रश्नच निरर्थक वाटत असेल तर ‘लाय’ घ्यावे.

मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत आणि त्या वापरताना आपण कधीही गोंधळत नाही. झाड पडते, माणूस झाड पाडतो. लाकूड जळते, आपण लाकूड जाळतो. पाणी गळते, आपण पाणी गाळतो. गुरे चरतात, गुराखी गुरे चारतो. संकट टळते, कोणीतरी ते टाळतो. मरणे आणि मारणे, तरणे आणि तारणे, सरणे आणि सारणे या जोड्यांतही हाच प्रकार आहे. आतला ‘अ’ लांबून ‘आ’ झाला की क्रियेला कर्म मिळते. ‘वारा आला आणि झाड पाडले’ हे वाक्य अपुरे आहे आणि ‘माणूस झाड पडतो’ हे सदोष आहे, हे सांगायला कोणालाही व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागत नाही. ‘लाय’ आणि ‘ले’ ही इंग्रजीतली अशीच जोडी आहे. तिच्या बरोबरीने ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘फॉल’ आणि ‘फेल’, ‘राइज’ आणि ‘रेझ’ या जोड्याही उभ्या आहेत. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाडाच्या संदर्भात ‘फेल’, म्हणजे एफ-ई-एल-एल, याचा अर्थ पाडणे; पडणे-पाडणे यांच्याशी याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

हे साम्य योगायोगाचे नाही. इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषा भारतीय-युरोपीय कुळातल्या आहेत आणि मूळ धातूचा स्वर बदलून त्यापासून प्रयोजक क्रियापद घडवण्याची रीत त्या कुळात फार जुनी आहे. संस्कृतात ‘पतति’ म्हणजे पडतो आणि ‘पातयति’ म्हणजे पाडतो. ‘म्रियते’ म्हणजे मरतो आणि ‘मारयति’ म्हणजे मारतो. इंग्रजीतील ‘सिट’ आणि संस्कृतातील ‘सद्’, ज्यापासून आपले सदन, संसद आणि परिषद हे शब्द आले, ही एकाच मुळाची फळे आहेत. तसेच ‘सेट’ आणि संस्कृतातील ‘सादयति’, म्हणजे बसवतो, हीदेखील एकाच मुळाची फळे आहेत. प्राचीन इंग्रजीत ‘लाय’ आणि ‘ले’ यांची रूपे साधारणपणे ‘लिज्जन’ आणि ‘लेज्जन’ अशी होती व त्या काळी त्यांतला फरक कानाला स्पष्ट जाणवत असे. पुढे उच्चार झिजत गेले आणि आजची गुंतागुंत निर्माण झाली. ‘लाय’ म्हणजे पडणे आणि ‘ले’ म्हणजे त्याचे ‘पाडणे’, एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम होते.

आता एक खरे उदाहरण घेऊ. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये समुद्राच्या तळाशी तारायंत्राची तार टाकली. जहाजाने काय टाकले? तार. कर्म मिळाले, म्हणून ‘द शिप लेड द केबल’. काम संपल्यावर ती तार समुद्रतळाशी पडून राहिली. तारेने काय केले, असे विचारता येते; पण तारेने काय पडून राहिले, असे विचारता येत नाही. कर्म नाही, म्हणून ‘द केबल ले ऑन द सीबेड’. तार एकच, समुद्र एकच आणि काळही भूतच. परंतु एका वाक्यात ‘लेड’ आणि दुसऱ्यात ‘ले’.

खरी अडचण येथे सुरू होते, म्हणून रूपे नीट पाहिली पाहिजेत. पडून असणे या अर्थाच्या ‘लाय’चा साधा भूतकाळ ‘ले’ होतो आणि त्याचे वर्णलेखन एल-ए-वाय असेच आहे. त्याचे तिसरे रूप ‘लेन’, म्हणजे एल-ए-आय-एन. आणि चालू क्रियेचे रूप ‘लाइंग’, म्हणजे एल-वाय-आय-एन-जी. ठेवणे या अर्थाच्या ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’, तिसरे रूपही ‘लेड’, वर्णलेखन एल-ए-आय-डी. आणि चालू क्रियेचे रूप ‘लेइंग’. ‘लेड’ लिहिताना ‘प्लेड’ किंवा ‘स्टेड’ यांच्या धर्तीवर एल-ए-वाय-ई-डी लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘पे’चे ‘पेड’ आणि ‘से’चे ‘सेड’ ज्या पद्धतीने लिहितात, त्याच पद्धतीने हे लिहायचे.

म्हणजे एल-ए-वाय ही तीन अक्षरे दिसली की ती दोनपैकी एका क्रियापदाची असू शकतात. ‘आय ले द मॅट ऑन द फ्लोअर’ यात मी चटई अंथरतो, हा वर्तमानकाळ आहे. ‘आय ले ऑन द मॅट’ यात मी चटईवर पडलो, हा भूतकाळ आहे. पहिल्या वाक्यात क्रियापदाला लागून चटई आली आहे. दुसऱ्या वाक्यात मध्ये ‘ऑन’ हे शब्दयोगी अव्यय उभे आहे आणि चटई हे केवळ ठिकाण आहे. वाचताना संशय आला तर क्रियापदाच्या पुढचाच शब्द पाहावा. तेथे वस्तूचे नाव थेट आले असेल तर अर्थ ठेवणे. ‘ऑन’, ‘इन’, ‘अंडर’, ‘डाउन’ असे काही आले असेल तर अर्थ बहुधा पडणे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की ‘ले डाउन’ दोन्हीकडे लागू पडते. ‘दे लेड डाउन देअर आर्म्स’ म्हणजे त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि ‘दे ले डाउन’ म्हणजे ते आडवे झाले. येथे पुन्हा ‘काय?’ या प्रश्नाकडेच यावे लागते.

भूतकाळासाठी मराठी माणसाला आणखी एक भक्कम कसोटी उपलब्ध आहे, आणि माझ्या मते ती कोणत्याही इंग्रजी व्याकरणपुस्तकातल्या नियमापेक्षा आपल्याला जास्त उपयोगी आहे. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागते आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते: त्याने चादर अंथरली, त्याने विटा रचल्या, तिने पुस्तक ठेवले. अकर्मक क्रियापदाचा कर्ता मोकळा राहतो आणि क्रियापद त्याच्या मागोमाग जाते: तो पडला, ती पडली, ते आडवे झाले. तेव्हा इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वी तेच मनात मराठीत भूतकाळात म्हणून पाहावे. ‘त्याने’ आले तर ‘लेड’ आणि ‘तो’ आला तर ‘ले’. ‘मी’ या कर्त्याला ‘ने’ दिसत नाही, म्हणून वाक्य प्रथमपुरुषी असेल तर कसोटीपुरते ते तृतीयपुरुषात फिरवून घ्यावे. ‘मी अंथरूण घातले’ याचे ‘त्याने अंथरूण घातले’ होते, म्हणून ‘लेड’. ‘मी अंथरुणावर पडलो’ याचे ‘तो अंथरुणावर पडला’ होते, म्हणून ‘ले’.

या कसोटीला अपवाद आहेत आणि ते आपल्या वाक्प्रचारांतून येतात, म्हणून त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे. ‘त्याने जरा पाठ टेकली’, ‘तिने गादीवर अंग टाकले’ या वाक्यांत ‘ने’ आहे आणि कर्मही आहे. परंतु इंग्रजीत पाठ आणि अंग वेगळे काढून सांगण्याची रीत नाही. तेथे माणूस सबंधच आडवा होतो, म्हणून ‘ही ले डाउन’, ‘शी ले डाउन’ असेच लिहावे. उलट जेवणानंतर आपण ‘जरा पडतो’ असे म्हणतो तेव्हा मराठी आणि इंग्रजी अगदी जुळतात: ‘आय विल लाय डाउन फॉर अ व्हाइल’. मात्र ‘पडणे’ हा शब्द स्वतःही दुहेरी आहे. ‘पुस्तक खाली पडले’ यात ते वरून खाली आले, म्हणून ‘फॉल’चा भूतकाळ ‘फेल’; ‘पुस्तक खाली पडले आहे’ यात ते तेथे पडून आहे, म्हणून ‘इज लाइंग’. एका ‘आहे’ने क्रियेची स्थिती होते आणि इंग्रजीत सबंध क्रियापदच बदलते.

दुसरा सापळा ‘ठेवलेले आहे’ या रचनेचा. ‘चाव्या टेबलावर ठेवलेल्या आहेत’ असे मनात घोळत असते, ठेवणे म्हणजे ‘ले’ हे पाठ असते, आणि हातून ‘द कीज आर लेइंग ऑन द टेबल’ असे लिहिले जाते. या इंग्रजी वाक्यात चाव्याच काहीतरी ठेवत आहेत. चाव्या कशा स्थितीत आहेत एवढेच सांगायचे असेल तर ‘आर लाइंग’ लिहावे. कोणीतरी त्या नीट मांडून ठेवल्या आहेत हे सांगणे महत्त्वाचे असेल तर ‘हॅव बीन लेड’ असा कर्मणी प्रयोग करावा. मराठीत या दोन अर्थांसाठी आपण बऱ्याचदा एकच वाक्य वापरतो. इंग्रजीत मात्र आधी ठरवावे लागते की बोलणे चाव्यांच्या स्थितीविषयी आहे की ठेवणाऱ्याच्या क्रियेविषयी.

हाच भेद वृत्तलेखनात फार काळजीने पाळावा लागतो. एखाद्या नेत्याचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले, असे मराठी वृत्तात असते. त्यातले ‘ठेवण्यात आले’ पाहून ‘वॉज लेड इन स्टेट’ असे भाषांतर करण्याचा मोह होतो. परंतु इंग्रजीतील रूढ प्रयोग ‘लाय इन स्टेट’ असा आहे, म्हणून भूतकाळी ‘द बॉडी ले इन स्टेट’. त्यानंतरच्या दफनविधीसाठी मात्र ‘वॉज लेड टू रेस्ट’ हा प्रयोग रूढ आहे, कारण तेथे इतर माणसे ते कार्य करतात. दोन ओळींच्या अंतराने दोन्ही क्रियापदे येतात आणि दोन्ही ठिकाणी ती आपापल्या अर्थाशी प्रामाणिक असतात.

पाया घालणे, रूळ टाकणे, फरशी बसवणे, अंडी घालणे, वेढा घालणे, नियम घालून देणे, पुष्पचक्र अर्पण करणे या सर्वांना इंग्रजीत ‘ले’ चालते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी 31 मार्च 1911 रोजी झाली: ‘द फाउंडेशन स्टोन वॉज लेड’. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, ती त्याआधी टाकलेल्या रुळांवरून: ‘द ट्रॅक्स हॅड बीन लेड’. सिद्दी जौहरने 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा ‘ही लेड सीज टू पन्हाळा’. येथे कर्म ‘सीज’ म्हणजे वेढा हे आहे आणि किल्ला ‘टू’च्या नंतर येतो, हे विशेष लक्षात ठेवावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात: ‘द टर्टल्स ले एग्ज’. मग ती अंडी दीड-दोन महिने वाळूखाली पडून असतात: ‘द एग्ज लाय अंडर द सँड’. कोंबडीविषयी ‘द हेन इज लेइंग’ असे नुसतेच लिहिलेले आढळते तेव्हा ‘काय?’चे उत्तर वाक्यात दिसत नाही. ते गृहीत धरलेले असते, म्हणून नियम मोडत नाही.

‘लाय’च्या बाजूला भूगोल आहे. लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे, पुणे मुळा-मुठेच्या संगमावर वसले आहे, या वाक्यांत ‘लाइज’ येते. अडचण, फरक, जबाबदारी, सामर्थ्य कशात आहे हे सांगतानाही तेच क्रियापद येते: ‘द डिफिकल्टी लाइज हिअर’. दोष हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि त्यामुळे फसवतो. दोष एखाद्याकडे जातो तेव्हा ‘द ब्लेम लाइज विथ हिम’. कोणी तो दोष त्याच्यावर ठेवतो तेव्हा ‘दे ले द ब्लेम ऑन हिम’. तसेच ‘ही ले लो’ म्हणजे तो काही काळ लपून, गप्प राहिला. ‘ही वॉज लेड लो बाय मलेरिया’ म्हणजे हिवतापाने त्याला अंथरुणाला खिळवले. कामावरून कमी केलेल्या माणसाविषयी ‘वॉज लेड ऑफ’ असेच म्हणतात, कारण त्याला कोणीतरी कमी केलेले असते.

खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ हे तिसरे क्रियापदही आहे. त्याची रूपे नियमित आहेत: ‘लाय’, ‘लाइड’, ‘लाइड’. त्यामुळे ‘ही लाइड ऑन द बेड’ असे लिहिले तर तो पलंगावर खोटे बोलला, असा अर्थ होतो. पडण्याशी ‘लाइड’चा काहीही संबंध नाही, एवढे पक्के करून पुढे जावे.

‘लेन’ या रूपाविषयी एक व्यवहाराचा सल्ला द्यावासा वाटतो. ‘ही हॅज लेन इन बेड फॉर थ्री डेज’ हे निर्दोष आहे, परंतु आजच्या इंग्रजीत ते थोडे जड वाटते. ‘तो तीन दिवसांपासून अंथरुणावर पडून आहे’ यासाठी ‘ही हॅज बीन लाइंग इन बेड’ अधिक सहज उतरते. ‘लेन’ ओळखता यावे. लिहिताना त्याच्यावाचून अडत नाही.

इंग्रजी मातृभाषा असलेले कित्येक जण बोलताना ‘आय ॲम गोइंग टू ले डाउन’ असे म्हणतात, हे ऐकून काही विद्यार्थ्यांना हा सारा भेद अनावश्यक वाटतो. कर्माशिवाय ‘ले’ वापरण्याची ही सवय इंग्रजीत शेकडो वर्षे जुनी आहे आणि बोलण्यात ती कोणी अडवत नाही. परंतु अर्ज, अहवाल, शोधनिबंध, न्यायालयीन कागद आणि परीक्षेचे उत्तर यांत ती चूक म्हणूनच धरली जाते, आणि जे लिखाण परक्या भाषेत आपल्या नावाने जाते त्यात प्रमाण रूपच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीतून योगवर्ग घेणाऱ्या शिक्षकांना आणि रुग्णांना सूचना देणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञांना तर हा भेद रोज लागतो. शवासनाच्या सूचनांत दोन्ही क्रियापदे लागोपाठ येतात: ‘लाय ऑन युअर बॅक’, म्हणजे पाठीवर झोपा, आणि ‘ले युअर आर्म्स बाय युअर साइड्स’, म्हणजे हात शरीराच्या बाजूंना ठेवा. पहिल्या सूचनेत सबंध शरीर जाते, दुसरीत हात हे कर्म होते.

सरावासाठी पुढील वाक्ये घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी आधी कर्म, मग काळ या क्रमानेच जावे. ‘आजीने बाळाला पाळण्यात ठेवले’: ‘आजीने’ आहे, बाळ हे कर्म आहे, भूतकाळ आहे, म्हणून ‘लेड’. ‘बाळ पाळण्यात शांत पडून होते’: बाळ आता मोकळा कर्ता आहे, म्हणून ‘ले’, आणि तेव्हा चालू असलेल्या स्थितीवर भर द्यायचा असेल तर ‘वॉज लाइंग’. ‘गवंडी दिवसभर विटा रचत होते’: विटा हे कर्म, क्रिया चालू, म्हणून ‘वेअर लेइंग’. ‘उरलेल्या विटा अंगणातच पडून राहिल्या’: येथे विटा कर्त्याच्या जागी आल्या, कर्म नाही, भूतकाळ, म्हणून ‘ले’. ‘ही फाइल दोन वर्षे कपाटात पडून आहे’: कर्म नाही, पूर्वी सुरू झालेली स्थिती आजही आहे, म्हणून ‘हॅज बीन लाइंग’. शेवटी मुद्दाम अवघड असे एक वाक्य: ‘पावसाने पिके आडवी केली’. ‘पावसाने’ आहे, पिके हे कर्म आहे, म्हणून क्रियापद ‘ले’चेच, आणि त्याचा रूढ प्रयोग ‘द रेन लेड द क्रॉप्स फ्लॅट’ असा आहे. त्याच शेताविषयी दुसऱ्या दिवशी ‘पिके आडवी पडली होती’ असे लिहायचे झाले तर ‘द क्रॉप्स ले फ्लॅट’ असे लिहावे.